दार कोणत्या बाजूला उघडणार?

समीक्षेचं व्याख्यान म्हटलं की आज कुठली तरी कविता किंवा कादंबरी निघणार, अशा तयारीनं आपण येता. आज आम्ही एका वाक्याची समीक्षा करणार आहोत. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, कुणी लिहिलं हे त्यावर लिहिलेलं नसतं, आणि तरी रोज लाखो माणसं ते ऐकतात. 'पुढील स्थानक अमुक, दरवाजे डावीकडे उघडतील.' शब्द शहरागणिक थोडे बदलतात, वाक्याचा घाट तोच राहतो.

आता कुणी म्हणेल, संगमनेरात बसून मेट्रोच्या वाक्याची चिकित्सा कशाला? आपल्याकडं तर रेल्वेची ना डावी बाजू आहे ना उजवी. पुणे-नाशिक रेल्वे संगमनेरवरून जाणार की शिर्डीच्या अंगानं, यावर आंदोलनं झाली, निवेदनं गेली. रूळ अजून यायचे आहेत. पण आपली माणसं रेल्वेची वाट बघत थांबलेली नाहीत. पोरं शिकायला पुण्याला, म्हातारी माणसं दवाखान्याला नाशिकला नाहीतर पुण्याला, कुणी नोकरीला मुंबईला. घारगाव, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण करत एसटी नाशिक फाट्याला पोचते आणि तिथं खाली उतरलं की डोक्यावर मेट्रो. म्हणजे संगमनेरच्या माणसाची आणि या वाक्याची गाठ पडणारच आहे. ते वाक्य त्याच्या उपयोगी पडतं का, एवढाच आजचा प्रश्न.

सुरुवात आपल्या घरच्या गाडीपासून करू. १ जून १९४८ ला राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती आपल्याच जिल्ह्यातून, नगर ते पुणे. तेव्हापासून आजपर्यंत एसटीनं प्रवाशाला 'कोणत्या बाजूला उतरा' असं कधी सांगितलेलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून दार डावीकडं. पूर्वी बऱ्याच लाल गाड्यांना ते मागच्या अंगाला असे, पुढं ते समोर आलं, पण बाजू बदलली नाही. ट्रकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एक ड्रायव्हर साइड आणि दुसरी क्लीनर साइड, आणि माणूस उतरायचा तो क्लीनर साइडनं. तीन पिढ्यांच्या अंगात हे भिनलंय. झोपेतून उठलेला माणूससुद्धा पिशवी उचलून बरोबर दाराकडंच जातो.

आणखी एक बघा. एसटीतल्या बाकांची तोंडं गाडीच्या तोंडाकडंच. गाडीचं डावं तेच आपलं डावं. हे इतकं सरळ आहे की त्यात काही मांडणी आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते ही मांडणी मोडते तेव्हा.

ती कशी मोडते याचा एक प्रसंग सांगतो. शहराचं नाव घेत नाही, कारण तक्रार शहराची नाही, वाक्याची आहे. आमच्या आत्याबाईंना डोळ्याच्या तपासणीला घेऊन गेलो होतो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला धूसर दिसतं. मेट्रोत लोकांनी उठून जागा दिली. तिथली बाकं आपण बघितलीच असतील, खिडकीला पाठ लावून लांबलचक, ओसरीवर बसावं तशी. आमचं स्थानक जवळ आलं, घोषणा झाली, 'दरवाजे डावीकडे उघडतील.' आत्याबाई शहाण्या बाई. एसटीत आयुष्य गेलेलं, गाडी थांबायच्या आधी उठायची सवय. त्या उठल्या आणि आपल्या डाव्या हाताला चालू लागल्या. चालत्या डब्यात, एका हातानं दांड्या धरत, लोकांच्या पायांतून वाट काढत. आम्ही मागं, 'आत्या, इकडं, इकडं!' त्या म्हणतात, 'अरे, डावीकडं म्हणाली ना ती!' दार उघडलं ते त्या बसल्या होत्या त्याच्या बरोबर समोर. चार पावलांवर. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचून वळवेपर्यंत दारं मिटली. पुढच्या स्थानकाला उतरलो, उलटी गाडी धरली, डॉक्टरांची वेळ चुकली.

घरी आल्यावर सगळ्यांनी आत्याबाईंना हसून घेतलं. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला. पण रात्री कागदावर डब्याचं चित्र काढून बघितलं, तेव्हा कळलं की वाक्याचा अर्थ त्यांनी अगदी बरोबर लावला होता. श्रोतेहो, तुम्हीही मनात चित्र काढा. गाडी पुढं चाललीय. तुम्ही उजव्या बाजूच्या बाकावर, खिडकीला पाठ लावून बसलात. तुमचं तोंड गाडीच्या डाव्या भिंतीकडं. आता तुमचा डावा हात कुठं आहे? गाडीच्या शेपटीकडं. आणि उघडणारी बाजू? समोर. आता समोरच्या बाकावर जाऊन बसा. डावा हात इंजिनाकडं आला आणि उघडणारी बाजू पाठीमागं गेली. म्हणजे बाकावर बसलेल्या कुठल्याच माणसाला 'डावीकडे' या शब्दानं आपल्या डाव्या हाताकडं जायचं नसतं. हे वाक्य खरं ठरतं ते फक्त गाडीच्या दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या माणसासाठी. असा माणूस डब्यात असतो, नाही असं नाही. पण बसलेले म्हातारे, बाळ घेतलेल्या बाया आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणा यांच्या कामाचं ते नाही. ज्यांना सूचनेची गरज सगळ्यांत जास्त, त्यांनाच मनातल्या मनात वळण्याचा हिशोब करावा लागतो.

डावं-उजवं हे शब्द मुळात परावलंबी आहेत. कुणाचं डावं, आणि त्याचं तोंड कुठं, हे ठरल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. हे शेतकऱ्याला शिकवायला नको. आपल्या तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचा डावा कालवा आणि उजवा कालवा निघतात. निळवंड्याच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ ला झालं. आता हे डावं कुणाचं? तुम्ही काठावर कुठंही तोंड करून उभे राहा, कालव्याचं नाव बदलत नाही. कारण पाटबंधारे खात्यानं एकदा ठरवून टाकलं की पाणी जिकडं वाहतं तिकडं तोंड करायचं, आणि मग डावं-उजवं मोजायचं. प्रवरा पूर्वेला वाहते, म्हणून डावा कालवा उत्तर अंगाला. सात-बारावरून भांडणारे भाऊसुद्धा डावा कालवा कोणता यावर भांडत नाहीत. संकेत सगळ्यांना ठाऊक आहे आणि नदी दिशा बदलत नाही.

मेट्रोचा संकेतही हाच आहे, गाडी वाहते तिकडं तोंड. चूक संकेतात नाही. पण तो प्रवाशाला कुणी सांगितलेला नाही, आणि ही नदी दर खेपेला उलटी वाहते. शेवटच्या स्थानकावर गाडी वळत नाही. ज्याला शेपूट म्हणत होतो त्याचंच तोंड होतं. सकाळी जाताना जी डावी भिंत होती ती संध्याकाळी येताना उजवी होते. वर बोगद्यात किंवा रात्री बाहेर काही दिसत नसलं, तर गाडी कुठल्या दिशेला चाललीय हेही क्षणभर आठवावं लागतं.

ही अडचण आपल्यालाच आलीय असं नाही. जहाजावरच्या लोकांना ती फार पूर्वी आली. खलाशी कधी पुढं तोंड करून असतो, कधी मागं. 'डावीकडं वळव' म्हटलं तर कुणाचं डावं? म्हणून त्यांनी जहाजाच्या दोन बाजूंना स्वतःची नावं दिली. इंग्रजी जहाजांवर उजवी ती स्टारबोर्ड आणि डावी ती लारबोर्ड. वादळात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलानं लारबोर्ड काढून पोर्ट हा शब्द पक्का केला. ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी एका मोठ्या आरमारानं आपला जुना शब्द टाकला. आमच्या मते ही उत्तम समीक्षा आहे. त्यांनी विचारलं, ज्याला ऐकायचं आहे त्याला कळतं का?

आता लोकलकडं येऊ. मुंबईची लोकल पुढच्या स्टेशनचं नाव तीन भाषांत सांगते. पण फलाट कोणत्या बाजूला येणार हे ज्ञान तिथं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलंय. नवखा माणूस विचारतो, 'भाऊ, कुठल्या बाजूला येतं?' आणि भाऊ तोंडातून शब्द काढत नाही. हनुवटी उडवतो, नाहीतर अंगठा दाखवतो. या उत्तरात डावं-उजवं काही नाही. 'ही बाजू' एवढंच आहे, आणि ते शंभर टक्के बिनचूक आहे. पुढं फलाटांची माहिती मोबाइलवरच्या ॲपमध्येही आली. पण भर गर्दीत दोन्ही हात अडकलेल्या माणसाला अजूनही त्या हनुवटीचाच आधार आहे.

या तोंडी ज्ञानाला आधार आहे उघड्या दाराचा. दारातला माणूस डोकावतो, त्याला फलाट दिसतो, तो आतल्याला सांगतो. हे आता फार दिवस राहणार नाही. २५ डिसेंबर २०१७ ला बंद दारांची वातानुकूलित लोकल सुरू झाली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून मेली, त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं रेल्वेनं जाहीर केलं. दारं बंद झालीच पाहिजेत, यात दुमत असू नये. पण दार बंद झालं की डोकावणाराही गेला. जे काम डोळा करत होता ते आता वाक्याला करावं लागणार. म्हणून हे वाक्य आज तपासायचं. उद्या ते हजारो डब्यांत घुमायला लागेल.

बाजू बदलते का, हेही बघू, म्हणजे वाक्याची गरज कळेल. आपल्याकडं गाड्या डाव्या रुळानं जातात. दोन रुळांच्या बाहेरच्या अंगांना फलाट असतील तर दार डावीकडं उघडतं. दोन्ही रुळांच्या मधोमध एकच फलाट असेल तर उजवीकडं. उंच खांबांवरच्या मेट्रो स्थानकात बहुधा पहिली रीत असते, जमिनीखाली बहुधा दुसरी. म्हणजे एकाच प्रवासात बाजू पालटू शकते. पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटला जाणारी मेट्रो आधी खांबांवरून येते आणि शिवाजीनगरपासून जमिनीखाली जाते. बसचं बघा. पुण्यात बीआरटीसाठी काही बसना उजव्या बाजूलाही दार दिलं, कारण तिथले थांबे रस्त्याच्या मध्यावर. नाशिक फाटा ते वाकड हा त्यातलाच एक मार्ग. आयुष्यभर क्लीनर साइडनं उतरलेला आपला माणूस तिथं डाव्या दाराशी पिशवी घेऊन उभा राहतो आणि दार उघडतं पाठीमागं. त्याला बावळट म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या सवयीनं त्याला सत्तर वर्षं दगा दिला नव्हता.

मग चांगलं वाक्य कसं असतं? उदाहरण शोधायला आम्ही जपानपर्यंत जाणार होतो. तिथल्या बऱ्याच गाड्यांत दारावरचा पडदा 'या बाजूची दारं उघडतील' असं दाखवतो. पण उदाहरण आपल्या लाल गाडीतच आहे. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.' आपण सगळ्यांनी लहानपणी हे वाक्य अक्षर जुळवत वाचलंय. पुष्कळांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं लांब वाक्य तेच असेल. आता समीक्षकाच्या नजरेनं बघा. यात 'केव्हा' आहे: संकटकाळी. यात 'काय' आहे: बाहेर पडण्याचा मार्ग. आणि 'कुठं'? त्यासाठी एकही शब्द खर्च केलेला नाही, कारण वाक्य त्या मार्गावरच लिहिलंय. मजकूर आणि वस्तू एकाच जागी. गाडी उलटली, तुम्ही आडवे झालात, डावं-उजवं सगळं फिरलं, तरी हे वाक्य खरंच राहतं.

दोष त्यातही आहेत, ते झाकायचे नाहीत. ते अंधारात दिसत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला ते मुकं आहे. आणि त्या दारासमोर पोती रचलेली आपण सर्वांनी बघितलीत. तो दोष मजकुराचा नाही, आपला आहे. पण वाक्य म्हणून त्याची जात अस्सल आहे.

आता यावरून आमची मागणी काय, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, जे सांगायचं ते दारानं सांगावं. जी दारं उघडणार त्यांच्यावर दिवा लागावा, अक्षरं उमटावीत, आणि त्याच दारांतून टण्‌टण् असा आवाज यावा. अंध माणसाला मग डावं-उजवं लागणार नाही, आवाजाकडं जाता येईल. काही गाड्यांत यातलं थोडंफार आहे. सगळ्यांत आणि नेमानं हवं. दुसरी गोष्ट वेळेची. ब्रेक लागल्यावर सांगितलेली बाजू ही बातमी झाली, सूचना झाली नाही. मागचं स्थानक सुटल्यावर लगेच एकदा सांगावं आणि पोचताना पुन्हा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला जो वेळ लागतो तो धरून वाक्याची जागा ठरवावी. तिसरी गोष्ट, डावं-उजवं ठेवायचंच असेल तर कालव्यासारखा संकेत उघड करावा: 'गाडीच्या दिशेनं तोंड केल्यास डावीकडे.' चार शब्द वाढतील. कुणी म्हणेल, लांब वाक्यं लोक ऐकत नाहीत. बरोबर आहे. म्हणूनच आम्ही दाराला पहिली जागा दिली आणि शब्दाला तिसरी.

हे दयेपोटी मागायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये वाहतुकीच्या सोयी सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात यासाठी वेगळं कलम आहे, ४१ वं. आणि जी सोय अंधाला चालते ती डोळ्याला पट्टी बांधलेल्या आत्याबाईंनाही चालते, झोपेतून उठलेल्या विद्यार्थ्यालाही चालते.

शेवटी पुन्हा आपल्या रस्त्यावर येतो, नाहीतर म्हणाल, शहराला शिकवलं आणि घरचं विसरले. एसटीत आणि खासगी गाड्यांत दाराची बाजू ठरलेली आहे हे खरं. पण महामार्ग रुंद झाला, मध्ये दुभाजक आले, बायपास झाला, तेव्हापासून प्रश्नानं रूप बदललंय. दार डावीकडं उघडणार हे ठाऊक आहे. आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरणार हे ठाऊक नाही. पुण्याहून येताना रात्री अकराला गाडी बायपासला थांबते. 'संगमनेर, संगमनेर, चला उतरा.' माणूस उतरतो, गाडी जाते. मग कळतं की गाव पलीकडं आहे, मध्ये दुभाजक आहे आणि दोन्हीकडून ट्रक येतायत. अंधारात बायामाणसं पिशव्या आणि पोरं घेऊन तो रस्ता ओलांडतात. ज्यानं 'उतरा' म्हटलं त्याचं वाक्य तिथं अर्धवट राहिलं. जाणते कंडक्टर ते पूर्ण करतात. आम्ही कानांनी ऐकलंय: 'मावशी, बायपासला घेतोय, गाव पलीकडच्या अंगाला आहे, एकट्या ओलांडू नका, पुलाखालून जा.' बघा, यात डावं-उजवं नाही. गाव आहे, पूल आहे, मावशी आहे. कुणाला सांगतोय हे त्याला दिसतंय.

यंत्राला मावशी दिसत नाही, ही त्याची मर्यादा आपण मान्य करू. पण यंत्राचं वाक्य लिहिणारा माणूसच असतो. त्यानं एकदा त्या लांब बाकावर खिडकीला पाठ लावून बसावं, डोळे मिटावेत आणि स्वतःचं वाक्य ऐकून उठून बघावं. चुकीच्या हाताला वळला, तर वाक्य दुरुस्त करावं.

आत्याबाईंची पुढची तपासणी याच महिन्यात आहे. या वेळी त्यांनी स्वतःच तोड काढलीय. म्हणाल्या, 'ती बाई काय सांगते ते मी ऐकणारच नाही. लोक जिकडं तोंड करतील तिकडं मी करीन.' लोकलमधल्या भाऊच्या हनुवटीवर आमच्या आत्याबाई आपल्या आपणच पोचल्या. प्रश्न असतील तर आम्ही थांबलो आहोत. आणि सभागृहाची दोन्ही दारं उघडी आहेत, कोणत्याही बाजूनं जा.